आधी डॉक्टर, मग आम्ही

एवढ्या मोठ्या माणसाबद्दल मी लिहावं का, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. मी मुरबाडच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. डॉक्टरांकडे शिकलेली, त्यांना कितीतरी जवळून ओळखणारी माणसं आहेत. लिहायचं तर त्यांनी. पण ती माणसं आमच्या जीपमध्ये नव्हती. म्हणून मी पाहिलं तेवढंच सांगतो. चुकलं तर सांभाळून घ्या.

डॉक्टरांची एक सवय तुम्ही पाहिली असती, तर तुम्हालाही आधी थोडा रागच आला असता. टोकावड्याच्या आरोग्य केंद्रात ते म्हाताऱ्या माणसांना तपासायला यायचे. मी माझ्या आजोबांना घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी विचारलं, "बाबा, सकाळपासून काय काय केलंत?" आजोबा गप्प. मी पटकन सांगायला लागलो, तर डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता तळहात वर केला.

"त्यांना बोलू द्या. घाई नाही."

आम्ही थांबलो. बाहेर माळशेजकडे जाणारी एसटी आली, माणसं उतरली, एसटी गेली. मग आजोबा म्हणाले, "गुरं सोडली. बांधावर गेल्तो. च्या प्यालो." सगळं बरोबर होतं. फक्त उशिरा आलं होतं.

डॉक्टरांचा अभ्यास या उशिराचाच होता. मेंदूत केसाहून बारीक रक्तवाहिन्या असतात. वय, ब्लड प्रेशर, साखर यांनी त्या कडक होतात आणि त्यांच्या पलीकडच्या भागाला रक्त कमी पडतं. हे एका दिवसात कळत नाही. पावलं आखूड पडतात, उत्तर उशिरा येतं, माणूस चिडचिडा होतो, आणि घरचे म्हणतात, म्हातारा हट्टी झाला. आमच्या घरीही आई तेच म्हणायची, "मुद्दाम ऐकत नाय ते." एमआरआयच्या फोटोत तो कमी रक्ताचा भाग पांढरा दिसतो, असं डॉक्टर म्हणाले.

आजोबांनी हे सगळं ऐकलं आणि बऱ्याच वेळाने विचारलं, "म्हंजे बंधाऱ्यात पानी हाय, पन शेवटल्या खाचरात पोचत नाय?"

"अगदी असंच, बाबा."

हे मी घरी सांगितलं, त्या दिवसापासून आई आजोबांना जेवायला हाक मारून त्यांच्या उत्तरासाठी उंबऱ्यावर थांबू लागली.

फोटोसाठी कल्याणला जायचं होतं. प्रत्येक म्हाताऱ्यासोबत घरचं एक माणूस, म्हणून मी. जीपमध्ये आजोबांशेजारी धसईची एक आजी होती. ती वाटभर सगळ्यांची थट्टा करत होती. पण ते यंत्र आणि त्याचं गोल भोक बघून तीही थट्टा विसरली. म्हणाली, "जित्या मान्साला कोनी असं आत सरकवतं का?"

कोणीच उठेना. यंत्र चालवणारा मुलगा म्हणाला, "सर, टाइम जातोय." डॉक्टरांनी त्यालाही तळहात दाखवला. मग आजोबा म्हणाले, "डॉक्टर, तुमी जाऊन या आदी. मंग बघू."

डॉक्टर हसले. घड्याळ काढलं, पट्टा काढला, खिशातली चिल्लर त्या आजीच्या हातात दिली आणि जाऊन झोपले.

आम्ही काचेच्या अलीकडे कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर उभे होतो. भिंतीतून खटखट ऐकू येत होती. आजी म्हणाली, "गिरन चालू झाली." आणि मग पडद्यावर डॉक्टरांचा मेंदू आला. भोपळा कापून एकेक काप समोर ठेवावा तसा. मी शाळेच्या पुस्तकात मेंदूची आकृती पाठ केली होती. पण इथे आत्ता पलीकडे झोपलेला, श्वास घेत असलेला माणूस आणि त्याचं आतलं सगळं. नेहमीची बडबडी माणसं देवळात उभी राहावीत तशी गप्प उभी होती. कोणीतरी चप्पल काढली, मग मीही काढली.

डॉक्टरांच्या हाताखालची तरुण डॉक्टरताई मात्र पडद्यावरच्या एकाच जागेकडे टक लावून बघत होती. डॉक्टर बाहेर आले तेव्हा तिने पडदा बंद करायला हात पुढे केला. त्यांनी तिला थांबवलं. खुर्ची ओढून बसले आणि बराच वेळ बघत राहिले. मग आमच्याकडे वळून पडद्यावर बोट ठेवलं.

"हे पांढरं दिसतंय ना, हेच शोधायला तुम्हाला इथे आणलं. माझ्यातच निघालं."

आजीने विचारलं, "मंग तुमाला औषिद कोन देनार हो?"

सगळ्यात जास्त डॉक्टरच हसले. "हीच," म्हणाले, ताईकडे बोट दाखवून. "मीठ बंद करेल माझं." त्यानंतर एकेक म्हातारं माणूस काही न बोलता आत जाऊन आलं. आजोबांच्या डोक्यात पांढरं सगळ्यांहून जास्त होतं. एवढं असून हा माणूस बांधावर जाऊन येतो, याचं डॉक्टरांना फार आश्चर्य वाटलं. ते आश्चर्य बघून आजोबा थोडे ताठ चालायला लागले.

पुढे डॉक्टर अधूनमधून आमच्याकडे येत राहिले. एकदा चहा घेताना मी भीत भीत विचारलं, "सर, सगळ्यांचा पुन्हा दुसरा फोटो काढायचा म्हणता, तो कशाला लागतो?"

"एका फोटोत डाग दिसतो. तो थांबलाय की वाढतोय, हे दुसराच सांगतो. म्हणून सगळे परत यायला हवेत. नाहीतर माझं काम अर्धं."

"तुमचा काढला?"

ते कपाकडे बघत बसले. उशिरा म्हणाले, "नाही रे. दुसऱ्याचं वाचणं सोपं असतं."

दोन वर्षांनी पुन्हा जीप निघाली. कल्याणला डॉक्टर दारातच भेटले. पायऱ्यांवर त्यांनी कठडा धरला. पावलं आखूड पडत होती, जमिनीला घासत. ही चाल मी रोज घरी बघत होतो.

आत सगळे बाकावर बसले आणि बसूनच राहिले. ताईने आजोबांचं नाव पुकारलं. आजोबा म्हणाले, "डॉक्टर पयले."

"आजोबा, सरांना आज नाही जायचं."

"त्यांच्या आदी आमी कसं जानार?"

हा हट्ट नव्हता. या कामाची रीतच तशी आहे, असं ते सगळे धरून चालले होते. आधी डॉक्टर, मग आपण. ताई समजावत होती आणि म्हातारी माणसं डॉक्टरांकडे बघत होती, कशाचीही कल्पना नसलेल्या चेहऱ्यांनी. मला कल्पना होती. आजोबांना बाहेर नेऊन सांगावं असं वाटलं, पण पाय हलला नाही. डॉक्टर यंत्राकडे बघत उभे होते. त्यांना आत जायचं नव्हतं, हे इतकं स्पष्ट दिसत होतं. ते परत गेले असते तर कोणी दोष दिला नसता. पण मग ही सगळी माणसंही जीपमध्ये परत बसली असती.

त्यांनी घड्याळ काढलं. या वेळी पट्ट्याचं बक्कल सुटायला वेळ लागला. ताई मदतीला पुढे आली, त्यांनी मान हलवली आणि स्वतःच सोडवलं.

बाहेर आल्यावर त्यांनी जुना आणि नवा फोटो शेजारी शेजारी लावायला सांगितला. आम्हाला बाहेर काढलं नाही. आम्हालाही दिसत होतं.

"वाढलंय," ते म्हणाले.

"लय?" आजीने विचारलं.

"बरंच."

आजीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. आजोबांनी टोपी काढून माझ्याकडे दिली आणि कोणी नाव पुकारायच्या आत ते आत गेले.

यानंतर टोकावड्याला ताई एकटीच यायला लागली. डॉक्टर घरी असतात, एवढंच ती सांगायची.

परवा तिचा फोन आला. म्हाताऱ्यांच्या तिसऱ्या फोटोची वेळ झाली होती. मी विचारलं, "सर येतील ना?" ती थांबली. मीही थांबलो, घाई केली नाही.

सर पावसाळ्यातच गेले, ती म्हणाली. जाण्याआधी त्यांनी लिहून दिलं होतं की मेंदू अभ्यासासाठी ठेवावा. फोटोतलं पांढरं म्हणजे आत नेमकं काय झालेलं असतं, हे जिवंत माणसात कधीच उघडून बघता येत नाही. आता त्यांचे दोन्ही फोटो समोर ठेवून तीच ती जागा ताई सूक्ष्मदर्शकाखाली बघते आहे. रोज थोडं थोडं.

आजोबांना मी शेजारी बसून सांगितलं. ते अंगणात बघत राहिले. मी त्यांच्या बोलण्याची वाट पाहिली.

"डॉक्टर पयले गेले. आता जीप कवा येनार हाय?" त्यांनी विचारलं.