शंखपुष्पीला आमंत्रण

१२ ऑक्टोबर १९७१, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. तिसगावच्या बाजारात झाडपाला विकणारी ती बाई माळावर शंखपुष्पीच्या रोपापाशी उकिडवी बसली होती. माझ्या पत्नीला नऊ दिवस झोप नव्हती. दवाखान्यातील गोळ्या निष्फळ ठरल्या होत्या. आदल्या संध्याकाळी अक्षता ठेवून रोपाला आमंत्रण द्यावे आणि सकाळी उपटावे, असे बाईने मला बजावले होते. मी शाळामास्तर, ते केले नव्हते.

मी हात पुढे करताच तिने मनगट धरले.

“बोलावनं दिलं हुतं?”

“नाही.”

“ठावं हुतं मला. काल सांजंला मीच दिलं, तुमच्या नावानं. आता तरी हात जोडा, गुर्जी. शाळा लई लांब हाय.”

पानांखाली खरोखरच तांदूळ होते. मी हात जोडले. स्वतःची सावली पडू न देता तिने रोप मुळासकट उपटले आणि पदराने पुसून माझ्या हाती दिले.

ते वाटून दुधातून पत्नीला दिले. दुपारी ती घोरू लागली. एकतीस वर्षांच्या संसारात त्या घोरण्याचा मला प्रथमच अभिमान वाटला. गुण मुळीचा की आमंत्रणाचा, हे मी आजवर तपासलेले नाही. त्या दुपारी गोठ्यात जाऊन गाईच्या गळ्यातील घंटा तेवढी काढून ठेवली.