पुतळाबाईच्या बैठका

१९८४ साली एका संध्याकाळी दिवाळे गावच्या व्यायामशाळेत पुतळाबाई शिरली, तेव्हा आम्ही सातआठ जण लंगोटावर होतो. पळायला मागचं दार नव्हतं. एक जण मातीच्या हौद्यात पालथा पडला. दुसरा मलखांबामागे लपला, पण तो मलखांबाच्या मानाने फारच रुंद होता.

"लाजू नका रे," ती म्हणाली. "निम्म्यांना मी तुमच्या आया न्हाऊ घालायच्या तवापासून बगतंय."

उरलेल्या निम्म्यांत मी. मी मधुकर, बेलापूरच्या सरकारी कचेरीत टायपिस्ट. नव्या कॉलनीत आईबरोबर राहायचो. कॉलनीत रस्ते होते, दिवे होते, पण तालीम नव्हती, म्हणून मी उतरून गावात यायचो.

पुतळाबाई पन्नाशीला टेकलेली कोळीण. आमच्या कॉलनीत रोज सकाळी पाटी घेऊन यायची. नारळी पुनवेनंतर एकदा धक्क्यावरच्या शेवाळावरून पाय घसरला आणि उजव्या हातावर आपटली. मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. नवरा आणि मुलगा होडीवर, सून बाळंतपणाला माहेरी. तिची गिऱ्हाइकं एकेक करून वेणूबाई नावाच्या दुसऱ्या कोळणीकडे जाऊ लागली. हाडापेक्षा ते दुखणं मोठं होतं.

प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिली होती. ती तिने माझ्या हातात ठेवली. "वाच. तू सायबाच्या हापिसातला ना?"

मी वाचलं. मनगट कोमट पाण्यात हलवणे. बोटांची उघडझाक. मऊ चेंडू दाबणे. पुढच्या एक्स-रेनंतर हलकं वजन. दुखलं की थांबणे. डोक्यावर पाटी दोन महिने नाही.

"शेवटची वळ परत वाच."

मी परत वाचली.

"तुना नीट वाचता येत नाय," असं म्हणून तिने चिठ्ठी कमरेला खोचली.

आमचे वस्ताद बाजीराव साताऱ्याकडचे. दिवसा एका कंपनीत वॉचमन, संध्याकाळी तालमीत. ते आतापर्यंत भिंतीकडे तोंड करून उभे होते. "बाई, हितं बायामानसांचं काम न्हाई. समोर मारुतराया हाय."

"कुठं लिवलंय?"

वस्तादांनी दारावरची नियमांची पाटी पाहिली. चपला बाहेर काढाव्यात आणि शिवीगाळ करू नये, एवढंच लिहिलेलं होतं.

"आनि मारुतीची आय अंजनी, ती काय दाराभायेर उभी राहायची?"

वस्ताद मारुतीकडे बघत राहिले. मारुतीने काही मदत केली नाही. शेवटी ठरलं, पाच ते सहा पुतळाबाई येणार आणि त्या तासात आम्ही बनियन आणि हाफ पँट घालणार.

वस्तादांनी तिला रबरी चेंडू आणून दिला. दाब, सोड. दाब, सोड. चार दिवस तिने तो दाबला आणि सोबत वस्तादांचा जीवही खाल्ला. "ह्यानं काय होनार? माशाचा डोळा बी ह्याच्याहून टनक असतो." पाचव्या दिवशी वस्ताद मारुतीपुढे दिवा लावायला वळले, तेवढ्यात तिने उजव्या हाताने पाच किलोचं डंबेल उचललं. लगेच खाली ठेवलं. ओरडली नाही. पण चेहरा पांढरा पडला होता आणि दुसऱ्या दिवशी मनगट सुजलं.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा एक्स-रे काढला. हाड जागेवर होतं, पण बोलणी भरपूर बसली आणि पाटीची मुदत दोन आठवड्यांनी वाढली. ती परत आली तेव्हा वस्ताद रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, भाकरी एका अंगानं भाजायच्या आत उलथली तर काय हुतंय?"

"मोडते."

"मग तव्याची आर लागू द्या की जरा."

पुतळाबाईने कोपऱ्यातला रबरी चेंडू उचलला आणि पुन्हा दाबायला घेतला.

पण गप्प बसेल ती पुतळाबाई कसली! "हात मोडला, पाय तर शाबूत हायेत ना?" वस्तादांनी मला डॉक्टरीणबाईंना विचारायला पाठवलं. त्या म्हणाल्या, बैठका चालतील, सावकाश, भिंतीजवळ, तोल जाता कामा नये. जोर आणि लोंबकळणं बंद. झालं. भिंतीला लागून, लुगडं घट्ट कसून, छातीशी हात धरून ती दहा बैठका काढू लागली. मग वीस. पुढे आम्ही मोजणं सोडून दिलं. तिथेच आमची चूक झाली.

एका शनिवारी तिने मला विचारलं, "मदुकर, तू किती काढतो रे?"

"दीडशे," मी म्हणालो. खरा आकडा ऐंशी होता.

"मग लाव पैज. हरंल त्यानं उद्या माजी पाटी कालनीत फिरवायची. मी हरले तर तुना जिताडा."

"मी शाकाहारी आहे."

"म्हनजे जिंकलास तरी मना जिताडा द्यायला नको. बग, मी किती भोळी हाय."

सगळे हसले, त्यामुळे मला नाही म्हणता येईना. मी झपाझप सुरू केलं. ती कुटुंबाचं जेवण रांधत असल्यासारखी निवांत. ज्या बाईचं अर्धं आयुष्य गुडघाभर चिखलातून चालण्यात गेलं, तिच्या पायांचा मी विचारच केला नव्हता. सत्तरला माझ्या मांड्या थरथरू लागल्या. चौऱ्याऐंशीला खाली बसलो तो उठलोच नाही. तिने पंच्याऐंशीवी काढली आणि शहाऐंशीवीला वाकली, तोच वस्ताद म्हणाले, "बास." ती तिथल्या तिथे थांबली.

रविवारी सकाळी पाटी माझ्या डोक्यावर. मागून पुतळाबाई, उजव्या मुठीत चेंडू दाबत.

"मासे घ्या, मासे," मी म्हणालो.

"वर्गात हजेरी देतोस काय? म्हावरं बोल! आनि पोटातून."

"म्हावरं घ्या म्हावरं!" मी ओरडलो. खिडक्या उघडल्या. नेमकं पहिलं दार माझ्या साहेबांचं. त्यांच्या पत्नी सुनीतीबाई बाहेर आल्या.

"अगंबाई, मधुकर! बदली झाली का तुमची?"

मागून साहेब बनियनवर आले. मला पाहिलं, पण आधी पाटीत पाहिलं. "कोळंबी ताजी आहे का?"

"माहीत नाही सर, मी खात नाही."

पुतळाबाईने माझ्या पायावर पाय दिला. "ताजी हाय सायेब. त्याच्याहून ताजी हाय."

बघायला आलेल्या प्रत्येकीला काहीतरी घ्यावंच लागलं आणि दहाच्या आत पाटी रिकामी झाली. आईने मला दोनदा आंघोळ करायला लावली आणि दिवसभर घरात उदबत्त्या जाळल्या.

पुढच्या रविवारी दुसरा कोणी हरला, त्याच्या पुढच्या रविवारी तिसरा. पैजा बैठकांच्याच असत आणि तिचे पाय दर आठवड्याला घट्ट होत होते. वेणूबाईने भर रस्त्यात तक्रार केली, "तुजी तालीम हाय का हमाली?" पुतळाबाई म्हणाली, "तू बी मोड हात, तुना बी पोरं देते."

मुदत संपली. शेवटचा एक्स-रे चांगला निघाला. मनगट किंचित वाकडं राहिलं आणि हात पूर्ण वळेना, पण पकड आली होती. पहिल्या दिवशी कामावर जाण्याआधी वस्तादांनी तालमीच्या दारात पाटी स्वतः तोलून पाहिली आणि निम्मीच भरू दिली. तिने मुकाट्याने ऐकलं. तिसऱ्या बिल्डिंगपाशी मनगट ठणकू लागलं. पूर्वीची पुतळाबाई तशीच पुढे गेली असती. ही थांबली, पाटी कोणाकडून तरी उतरवून घेतली आणि आमच्या जिन्याच्या पायरीवर बसून उरलेली मासळी विकली.

आईने वरून पाहिलं. बराच वेळ आत-बाहेर केलं. मग पाण्याचा तांब्या घेऊन खाली गेली. मी जेवणाच्या सुट्टीत कचेरीतून आलो तेव्हा दोघी पायरीवर, आई पाटीपासून हातभर अंतरावर. आई डावा हात खांद्याच्या वर उचलून दाखवत होती, तो अर्ध्यातच अडत होता.

"किती दिस झाले?" पुतळाबाई विचारत होती.

"वर्ष होईल."

"वर्साभर गप बसलीस? आदी डाक्तरीणबायकडं जा. मग वस्तादाकडं."

"मी? तालमीत?"

"नाय तर काय, मारुती तुज्या घरी येईल?"

सोमवारी आई डॉक्टरीणबाईंकडे गेली. तालमीची पायरी चढायला मात्र तिला सहा महिने लागले.