वरच्या मामांचे हात

आमच्या शॉपमध्ये देवाच्या खालोखाल उंचावर बसणारा एकच माणूस होता, आणि तो वर बसून टोपडी विणायचा.

सगळे त्यांना वरचे मामा म्हणत. चिंचवडच्या आमच्या कारखान्यात, वेल्डिंगच्या शॉपमध्ये, ते क्रेन चालवत. छताखालच्या रुळांवरून फिरणारी क्रेन, तिला लटकलेली पत्र्याची केबिन, आणि तीत अंग चोरून बसलेला पिंपळे गुरवचा हा धिप्पाड गडी. मी खाली, गळ्यात शिट्टी अडकवून. ओझ्याला साखळी बांधायची, शिट्टी मारायची, हातानं खूण करायची आणि बाजूला व्हायचं, हे माझं काम. म्हणजे मामांचा हात आणि माझं डोकं यांच्यामध्ये कायम लोखंड टांगलेलं. त्यांच्यावर माझा जीव जडला तो नंतर. आधी त्यांच्यावर भरवसा ठेवणंच भाग होतं.

क्रेनच्या कामात उचलणं थोडं आणि थांबणं फार. एक लोखंडी सांगाडा नेऊन ठेवला की वेल्डर त्याला तास तास चिकटलेले. तेवढा वेळ वरच्या माणसानं करायचं काय? दुसऱ्या शिफ्टचा क्रेनवाला पेंगायचा, नाहीतर नेम धरून कुणाच्या टकलावर सुपारीचं खांड टाकायचा. मामा पिशवीतून सुया काढायचे. तरुणपणी छातीच्या दुखण्यानं ते काही महिने दवाखान्यात पडून होते, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या एका फौजी माणसानं त्यांना विणायला शिकवलं होतं. शॉपमध्ये कुणाच्या घरी पाळणा हलला की बारशाला मामांचं टोपडं ठरलेलं. लोकर बाळाच्या बापानं आणायची, रंग मात्र मामा सांगतील तो. "पांढरी नगं. वर लई काजळी हाय," असा हुकूम सुटायचा.

मी नवा होतो तेव्हा एकदा दात काढले. म्हटलं, "मामा, हे बायकांचं काम कशाला करता?" चिडले नाहीत. म्हणाले, "आरं, वर उकाडा किती, खालनं धूर किती. त्यात हात मोकळं ऱ्हायलं की माझं डोळं मिटत्यात. तू खाली हायेस म्हणून इणतो मी." हे ऐकल्यावर माझे दात आपोआप आत गेले. माझी शिट्टी झाली की सुया पिशवीत आणि पिशवी खिळ्याला. मग हात लिव्हरवर. माझ्या खुणेशिवाय तो हात कधी हलला नाही.

मग नवे फोरमनसाहेब आले. माणूस दुष्ट नव्हता. आधीच्या नोकरीत त्यांनी एक अपघात डोळ्यांनी पाहिला होता आणि त्याची धास्ती घेतली होती. कामावर असलेल्या माणसाचं लक्ष फक्त कामावर हवं, हे त्यांचं सांगणं. आता यात चूक कशी काढायची? नेमकं एका दुपारी केबिनमधून लोकरीचा पिवळा गुंडा सुटला आणि उलगडत उलगडत साहेबांच्या बुटांपाशी येऊन थांबला. त्या वेळी माझी बायको बाळंतपणाला टेकली होती. लोकर मीच आणलेली.

साहेबांनी पिशवी मागवून घेतली, टेबलाच्या खणात टाकली आणि सगळ्यांसमोर बजावलं, "पुन्हा दिसलं तर घरी बसावं लागेल." मामा एवढंच म्हणाले, "बरं साहेब." मी मध्ये पडून सांगू पाहिलं की बाबा रे, ते विणकाम म्हणजे ह्यांचं जागं राहणं आहे. साहेबांना ती थट्टा वाटली.

पुढचे दिवस मला नकोसे झाले. उन्हाळा भरात होता. मामा वर तोंडावर पाणी मारत, अभंग म्हणत, तंबाखू मळत. मी खाली काम सोडून वर बघत राहायचो. केबिनमधून आवाज थांबला की मी उगाचच हाक मारायचो, "मामा!" वरून उत्तर यायचं, "हाय, हाय." दर वेळी ते जरा उशिरा यायचं.

एका दुपारी सांगाडा घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, ठेवलेला, साखळी हुकालाच, आणि वेल्डिंग संपता संपत नव्हतं. संपलं तेव्हा मी खालचा लाकडी ठोकळा काढायला वाकलो. शिट्टी मारली नव्हती, खूण केली नव्हती. तेवढ्यात पलीकडे कुणाच्या तरी हातून पत्रा दाणकन पडला. मामा दचकून जागे झाले, आणि शिट्टीच झाली असं समजून त्यांनी लिव्हर ओढला.

सांगाडा एका बाजूनं उचलला गेला, घोड्यावरून घसरला आणि माझ्याकडे झुलला. वेल्डरनं माझी कॉलर धरून मागं खेचलं. मी उताणा पडलो. सांगाडा खाली आला तेव्हा त्या ठोकळ्याच्या चिरफळ्या उडाल्या.

मामा शिडीवरून उतरले. माझ्याकडे न बघता ते साहेबांपुढे गेले. "साहेब, मला वरनं उतरवा."

साहेबांनी खण उघडला, सुया-लोकर टेबलावर ठेवली. म्हणाले, "मामा, माझं चुकलं. घ्या, विणा. पण वर जा. तुमच्यासारखा क्रेनवाला मिळायचा नाही."

"आता न्हाई. आता सुया दिल्या तरी माझा माझ्यावर इस्वास न्हाई. खाली ह्याचं डोकं असतंय."

मोठ्या पगाराची जागा सोडून ते कारखान्याच्या फाटकावर राखणदारीला गेले. मी पाया पडलो, रागावलो, रुसलोसुद्धा. शॉपमध्ये त्यांनी पुन्हा पाऊल टाकलं नाही. पिशवी मात्र नेली.

थेरगावच्या आमच्या खोलीत मुलीचं बारसं झालं. मामा पिवळं टोपडं घेऊन आले आणि दाराशीच बसले. बायका म्हणाल्या, "मामा, घ्या की बाळाला."

ते मागं सरकले. "नगं. उचलायचं काम सोडलंय मी."

सगळ्या हसल्या. मला हसू येईना. मी पाळण्यातून मुलीला उचललं, तिला टोपडं बांधलं आणि मामांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी घाबरून दोन्ही हात तिच्याभोवती धरले. पंगती उठेपर्यंत ते तसेच बसून होते. सुया नाहीत, अभंग नाही, तंबाखू नाही. हात अगदी स्वस्थ, आणि डोळे टक्क उघडे.