खापरखेडा नावाचा विषाणू

माझ्या लग्नाच्या बायोडाटात ‘संशोधन चालू’ असं लिहिलेलं आहे. पाहुण्यांना त्यातून पांढरा कोट दिसतो. प्रत्यक्षात मी बाटलीला दोरी बांधून नाल्यात सोडते. नाग नदी ओलांडताना सगळं नागपूर नाक दाबतं; मी मात्र काठावर उकिडवी बसून चांगली गढूळ जागा शोधत असते.

मला हवे असतात फेज, म्हणजे जीवाणूंना फोडून खाणारे विषाणू. माणसाला ते ढुंकून विचारत नाहीत. औषधांना दाद न देणाऱ्या जीवाणूंवर ते उपयोगी पडतील अशी आमच्या सरांची आशा आहे, आणि सरांच्या आशेखातर आम्ही विद्यार्थी नाले हुंगतो. मोबदला एकच: ज्याला नवा फेज सापडेल त्यानं त्याचं नाव ठेवायचं. माझ्या आधीच्या एकानं ‘तर्री’ ठेवलं होतं. सरांनी ते छापूनही आणलं.

या फेऱ्यांना स्कूटर बाबा चालवायचे. बाबा निवृत्त आहेत. खापरखेड्याच्या वीज केंद्रात त्यांनी आयुष्यभर बॉयलरचं पाणी तपासलं. त्यांच्याकडे रिवाज असा, की रोज सकाळी पहिली चाचणी डिस्टिल्ड वॉटरची. ज्यात काहीच नाही त्यातही काही दिसलं, तर दोष पाण्याचा नाही, आपल्या भांड्याचा किंवा चाचणीच्या रसायनाचा.

पहिल्याच फेरीत त्यांनी मला माझी पद्धत विचारली. मी सांगितलं: नाल्याचं पाणी गाळायचं, त्यात खाद्य घालून प्रयोगशाळेतले दोन जीवाणू सोडायचे, दिवसभर वाढू द्यायचे, मग ते पुन्हा गाळून त्याचा थेंब त्या दोघांतल्या दुसऱ्या जीवाणूच्या थाळीवर टाकायचा. फेज असला तर जीवाणूंच्या सायीला गोल भोकं पडतात.

“अन् साध्या पाण्याची बाटली काहून नाही लावत वं?”

“बाबा, हे बॉयलर नाही,” मी म्हणाले. आवाजात एम.एस्सी.चा सगळा माज होता. बाबा दोरी गुंडाळायला लागले. मला खरं तर रोज एक बाटली जास्तीची धुवायचा कंटाळा होता.

दीड वर्षानं, फ्रीजरमधली जीवाणूंची नवी जोडी घेतल्यावर, भोकं पडली. स्वच्छ, गोल, टाचणीच्या डोक्याएवढी. मी सरांच्या खोलीत धावत गेले आणि बाबांना फोनवर म्हटलं, नाव खापरखेडा ठेवते. त्यांनी संध्याकाळपर्यंत ते कॉलनीभर केलं, घरोघरी संत्रा बर्फी वाटली. शेजारच्या काकूंनी विषाणू ऐकून आमच्याकडची भाजीची वाटी घेणं बंद केलं, तरी बाबांची फुगलेली छाती काही कमी झाली नाही.

मग खापरखेड्याचा जीनोम, म्हणजे त्याचा अख्खा जनुकीय मजकूर, वाचून आला. जगात माहीत असलेल्या फेजांशी ताडून पाहिला, कुणाशीच जुळेना. मी हवेत. त्या जोडीतल्या पहिल्या जीवाणूचा जीनोम सरांकडे आधीपासून होता, तोही केवळ रीत म्हणून शेजारी लावला. आणि तिथे, जीवाणूच्या जीनोमच्या मधोमध, माझा खापरखेडा पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सापडला.

म्हणजे हा पठ्ठ्या नाल्यातून आलाच नव्हता. आमच्याच फ्रीजरमधल्या जीवाणूच्या आत तो वर्षानुवर्षं झोपा काढत होता. अधूनमधून एखाद्या पेशीत जागा व्हायचा, तिला फोडून बाहेर पडायचा आणि शेजारी मी आयता वाढून ठेवलेल्या दुसऱ्या जीवाणूवर ताव मारायचा. दीड वर्ष मी शहरभर घाण उपसली, आणि पाहुणा घरातलाच निघाला.

चार दिवसांवर सेमिनार होता. हे फक्त मला आणि लॅपटॉपला ठाऊक. विषाणू खरा, जीनोम खरा, फक्त ‘नाग नदीत सापडला’ हे तीन शब्द खोटे. तीन शब्दांसाठी कोण पीएच.डी. बुडवतं? दोन दिवस मी हाच प्रश्न स्वतःला निरनिराळ्या आवाजांत विचारून पाहिला. मला भयंकर भीती वाटत होती, आणि सरांपेक्षा जास्त त्या बर्फीची.

शेवटी दुपारच्या जेवणात बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी पोळीचा तुकडा ताटातच ठेवला.

“साधं पाणी लावून पायलं काय?”

“नाही.”

“मंग पाहून घे न. त्याच्याबिगर काहून ठरवून राहिली?”

दुसऱ्या दिवशी मी नाल्याच्या पाण्याऐवजी डिस्टिल्ड वॉटर घेऊन बाकी सगळं तसंच केलं. त्याच्या पुढच्या सकाळी थाळीवर तीच भोकं होती, तितकीच गोल. ती थाळी तशीच उचलून सरांसमोर ठेवली. सरांनी ती उजेडाकडे धरून पाहिली. मग म्हणाले, सेमिनारमध्ये ही थाळी आधी दाखव. माझी पदवी वर्षभर लांबली आणि ‘नाग नदी’ प्रबंधातून गेली.

बाबा मात्र पुन्हा कॉलनीत निघाले. ज्या ज्या घरी बर्फी दिली होती, त्या प्रत्येक घरी जाऊन खापरखेडा रद्द झाल्याचं सांगून आले. शेवटचं घर काकूंचं. त्यांचं अंगण आमच्या स्वयंपाकघराला लागून, मी आत चहा गाळत होते.

“आमच्या पोट्टीनं चूक सोताच पकडली,” बाबा सांगत होते. आवाज अगदी बर्फीच्या दिवसासारखा.

तेव्हा बाहेर जाऊन सांगायला हवं होतं, की तो प्रश्न यांनी पहिल्याच दिवशी विचारला होता आणि मी त्यांना उडवून लावलं होतं. मी गेले नाही. चहा गाळून झाल्यावरही गाळणी हातात धरून तिथेच उभी राहिले.