तिसरी हाक

माझ्या मामांनी पहिल्या हाकेला ओ दिली असं कुणी सांगितलं, तर तो माणूस खोटं तरी बोलतो आहे किंवा दुसऱ्याच कुणाच्या मामांबद्दल बोलतो आहे, असं खुशाल समजावं. पालघरकडच्या दांडीच्या किनाऱ्यावर वाढलेले मामा पुढं बोईसरला एका रंगाच्या कारखान्यात गेटवर वॉचमन झाले, अंगावर खाकी चढली, पण नियम सुटला नाही. मेलेलं माणूस दोनदा हाक मारतं, तिसरी मारायचा त्याला हक्क नाही. म्हणून जित्या माणसानं तिसऱ्या हाकेलाच ओ द्यावी. आमच्याकडं हा नियम सगळ्यांना ठाऊक होता. पाळत मात्र एकटे मामाच, तेही भर उन्हात, चारचौघांत. मामी जेवायला वाढून "अहो" म्हणायच्या, जरा वेळानं पुन्हा, मग पुन्हा, आणि तोवर कालवण निवून जायचं. शेवटी वैतागून त्यांनी "अहोअहोअहो" असं एका दमात म्हणायला सुरुवात केली. मामा ढिम्म. जेवणं झाल्यावर त्यांनी खुलासा केला, "एका दमात घेतली ती एकच धरतात."

मी त्याच कारखान्यात टाइम ऑफिसला कारकून होतो, त्यामुळे मामांच्या तक्रारी माझ्याच टेबलावर यायच्या. ट्रकवाल्यानं एकदा भोंगा वाजवला तर मामा स्टुलावरून हलायचे नाहीत. दुसऱ्यांदा वाजवला तर टोपी नीट करायचे. तिसऱ्यांदा वाजला की फाटक उघडायचं. नवा ड्रायव्हर शिव्या घालू लागला की जुना त्याला समजवायचा, "अरे, मामा का गेट है, तीन बार बजा." भुताजवळ ट्रक कुठून येणार, असं मी एकदा विचारलं. मामांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "ज्याला आपलं नाव ठावं हाय, त्याला भोंगा नाय मिलनार?" बरं, स्वतः कुणाला बोलवायचं तरी तोच हिशेब. "वसंता," मग एक श्वास, "वसंता," मग एक श्वास, आणि मग तिसरी हाक, अगदी सावकाश, ताटात भात वाढावा तशी. मी पहिल्या हाकेलाच धावत गेलो की रागवायचे. "येवडी काय घाई? मी जिता हाय का नाय, बगायचं तरी."

या सगळ्यामागं माझे धाकटे मामा होते. त्यांना मी पाहिलेलं नाही. दोघे भाऊ एकाच होडीवर होते. समुद्र तेलासारखा शांत, वारा पडलेला, आणि धाकट्यांना पाण्यावरून कुणीतरी नावानं हाक मारली. त्यांनी लगेच ओ दिली, उठले, आणि अंगणात उतरावं तसे होडीतून उतरले. पुन्हा वर आले नाहीत. एवढंच मामा सांगायचे. त्यानंतर ते होडीवर चढले नाहीत. गेटवरचं स्टूल हीच त्यांची होडी, आणि ते गेलं असतं तर या वयात त्यांना दुसरं कुणी उभं केलं नसतं.

आणि नेमकं तेच जायची वेळ आली. कारखान्याच्या मुंबईच्या हापिसातून हुकूम आला, की गेटवरच्या माणसाला परवाना हवा, आणि परवान्यासाठी मनाची परीक्षा. वॉचमनची उंची मोजतात, छाती मोजतात, हे ठाऊक होतं. मन कसं मोजतात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. परीक्षा पालघरला. एस्टीत मी मामांना वाटभर पढवलं. काही विचारलं तरी नाही म्हणायचं. राग येतो का, नाही. भीती वाटते का, नाही. हाका ऐकू येतात का, नाही. मामा मान डोलवत होते.

परीक्षा घेणारे डॉक्टर घाटावरचे, पोरसवदा आणि गंभीर. मामांची बोली त्यांना कळेना म्हणून मला शेजारी बसू दिलं. आधी त्यांनी माणसाचं चित्र काढायला सांगितलं. मामांनी पाठमोरा माणूस काढला. "याला तोंड का नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"हाक मारनाऱ्याचं तोंड नाय दिसत," मामा म्हणाले.

मग तो प्रश्न आलाच. "कुणी नसताना तुम्हाला हाका ऐकू येतात का?" मी टेबलाखालून मामांचा पाय दाबला. मामांनी पाय काढून घेतला.

"येतात. धाकल्याच्या. पन मी ओ नाय देत. तिसरीची वाट बगतो."

"मामा!" मी म्हणालो.

"नाय कसं म्हनू रे? तो आयकत असंल तर त्याला काय वाटंल?"

डॉक्टरांनी पेन उघडलं. स्टूल गेलं, हे मला स्पष्ट दिसलं. दुपारची वेळ, बाहेरचा व्हरांडा रिकामा, शिपाई चहाला गेलेला. आणि त्या व्हरांड्यातून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, "बाळ्या!"

मीही ऐकला. डॉक्टरांचा चेहरा एकदम लहान मुलाचा झाला. ओ द्यायला त्यांनी तोंड उघडलं आणि मामांनी टेबलावरून झेपावून त्यांच्या तोंडावर हात ठेवला. "थांबा."

"बाळ्या!" पुन्हा आवाज आला, दाराच्या जरा जवळून. आम्ही तिघं श्वास धरून बसलो. तिसरी आली नाही. मी धीर करून बाहेर डोकावलो. व्हरांडाभर ऊन पडलं होतं, दुसरं काही नव्हतं.

"आई अशी हाक मारायची," डॉक्टर म्हणाले. "जाऊन बरीच वर्षं झाली." मामांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. डॉक्टरांनी मामांच्या कागदावर 'पात्र' असं लिहून सही केली. निघताना त्यांनी हळूच विचारलं, "तिसरी कधीच येत नाही का हो?"

"आजून नाय आली," मामा म्हणाले. "पन वाट बगायला काय हरकत हाय?"

मामा निवृत्त होईपर्यंत त्याच स्टुलावर बसले. पुढं दांडीला, घरात, अंथरुणावर गेले. मामी उशाशी बसून एकेक श्वास सोडून तीनदा "अहो" म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच मामांनी तिसऱ्या हाकेलाही ओ दिली नाही, आणि आम्ही समजलो.

परवा भर दुपारी मी कारखान्यातून बाहेर पडत होतो. फाटकापाशी मागून हाक आली, "वसंता." मग एक श्वास. मग "वसंता." तीच सावकाश, भात वाढल्यासारखी. मी जागच्या जागी उभा राहिलो. पाठीवर ऊन असून अंगावर काटा आला, आणि खरं सांगतो, भीतीपेक्षा आनंदच जास्त झाला. नवा वॉचमन म्हणाला, "सायेब, कोनाची वाट बगता?" मी त्याला हातानं गप्प केलं. कितीतरी वेळ थांबलो. तिसरी आली नाही. मामांचा असा राग आला! जन्मभर प्रत्येकाला तीन मारल्या, माझ्याच वेळी एक कमी पडली? मी मागं वळून पाहिलं नाही, ओही दिली नाही. त्यांनीच शिकवलं होतं. ती ओ मात्र अजून माझ्या तोंडात तशीच आहे.