आधी उद्धवने खायचं

सिंगापुरातल्या बेडोकच्या मार्केटात उद्धव धुरी दिसला की मटणवाल्याचा चेहरा पडायचा. गिऱ्हाईक तसं चांगलं, घासाघीस करत नसे. पण मांस हातात घेणार, उलटंसुलटं करणार, बोटाने दाबणार, नाकाशी नेणार आणि मगच मान हलवणार. वन-नॉर्थ भागातल्या ऑफिसात तो सॉफ्टवेअर टेस्टिंगचा मॅनेजर होता, म्हणजे दुसऱ्यांच्या कामात खोट काढण्याचाच पगार घ्यायचा. लोक म्हणत, हा माणूस रविवारीसुद्धा ऑफिसातच असतो. लोकांचं काय जातं म्हणायला! ही खोड ऑफिसातली नव्हतीच, ती सावंतवाडीकडून आली होती.

उद्धवचे वडील, आबा, गावच्या पारधीत कधी बंदूक धरत नसत. भातशेती नासवणारा रानडुक्कर पडला की तो आबांपुढे आणून टाकायचा, अशी रीत होती. आबा पोट फाडायचे, काळीज उजेडात धरून बघायचे, फुफ्फुसाजवळच्या नि आतड्याजवळच्या गाठी चाचपायचे. सगळं स्वच्छ असलं की काळजाचा तुकडा निखाऱ्यावर भाजून आधी स्वतः खायचे आणि म्हणायचे, "खावा." त्यानंतरच वाटे पडायचे: घरटी एक, बंदूकवाल्याला थोडा जास्त, कुत्र्यांनाही त्यांचा. गाठीत पू निघाला तर मात्र सबंध डुक्कर खड्ड्यात. दिवसभर रान तुडवून आलेली माणसं कुरकुरायची, पण पुरायची. "भूक एका दिसाची, दुखणां जल्माचां," आबा म्हणायचे. लोक त्यांचं ऐकायचे, कारण चुकले असते तर पहिले तेच आडवे झाले असते.

सिंगापुरात ही विद्या कशाला लागणार होती? पण लागली. मुलगी कस्तुरी पाच वर्षांची असताना कुणाच्याशा वाढदिवसाला खराब कोलंबी खाऊन हॉस्पिटलात पडली. घरी आली ती मांसमच्छीकडे बघेना. ताट पुढे आलं की नुसती रडायची. तेव्हा उद्धवला आबा आठवले. त्याने तिच्या ताटातला तुकडा उचलला, डोळे मिटून सावकाश चावला आणि न्यायाधीशाच्या थाटात म्हणाला, "खा." पोरीने खाल्लं. तेव्हापासून हॉकर सेंटरमधल्या गाळ्यावरचा चिकन राइस असो की घरचं मटण, आधी उद्धवने खायचं, त्याने "खा" म्हणायचं, मग कस्तुरीचा हात हलायचा. त्याची बायको दमयंती म्हणे, "फार लाडावून ठेवलीय तुम्ही." उद्धवला मात्र आजवरच्या सगळ्या बढत्यांपेक्षा हे मोठं वाटायचं. आपल्या एका शब्दावर एक जीव निर्धास्त जेवतो, यापरतं माणसाला काय हवं?

आता निशिकांतबद्दल सांगायला हवं. उद्धव आणि निशिकांत शिकायला आले तेव्हा क्लेमेंटीला एका खोलीत राहायचे. एका पातेल्यात मॅगी करायची आणि पातेल्यातूनच खायची, इतकी दोस्ती. पुढे निशिकांतने नोकऱ्या बदलल्या, काँडो घेतला, सुचित्राशी लग्न केलं, पण उद्धवला "उद्ध्या" म्हणणं सोडलं नाही. त्याचा थोरला भाऊ मनोहर न्यूझीलंडला गाईगुरांच्या फार्मवर होता. तिथे हरणांचा सुळसुळाट, चारा खाऊन फस्त करतात, म्हणून लायसन काढून शिकार करायची आणि वर्षाचं मांस फ्रीजरमध्ये भरायचं, असा घरोघरचा शिरस्ता. सिंगापुरात हरणावर बंदूक रोखाल तर बंदुकीसकट आत जाल. म्हणून २०१४च्या जूनच्या सुट्टीत दोन्ही कुटुंबं मनोहरदादाकडे गेली.

तिथे निशिकांतला आयुष्यातली पहिली शिकार मिळाली. बंदूक मनोहरदादाची, तो शेजारी उभा, उद्धव मागे. माळाच्या टोकाला कळप होता आणि कळपापासून जरा मागे एक हरणी. फासळ्या दिसत होत्या तिच्या. "हिला सोड. मागे पडलीय, काहीतरी बिघडलंय," उद्धव कुजबुजला. पण हाती आलेलं निशिकांत कसला सोडतोय! बार झाला, हरणी पडली, आणि चाळिशीचा गडी पोरासारखा नाचला. तिथल्या तिथे फोटो काढले, सिंगापूरच्या ग्रुपवर टाकलेसुद्धा.

उद्धवने पोट उघडलं. काळीज चांगलं होतं. निशिकांत खूश. मग फुफ्फुसाजवळ बोटं गेली आणि थबकली. लिंबाएवढी गाठ. सुरी लावली तसा आतून घट्ट पिवळा पू आला.

"पुरायचं," उद्धव म्हणाला.

"अरे, तेवढी गाठ काढून टाकू. बाकीचं मांस बघ की कसं लालभडक आहे!"

"गाठ दिसते तेवढीच नसते, निशिकांत. हा क्षय असू शकतो. कस्तुरी जेवणार आहे, तू जेवणार आहेस."

"माझी पहिली शिकार आहे रे, उद्ध्या."

"माहीत आहे. म्हणून तर मलाही वाईट वाटतंय."

 निशिकांतने उद्धवच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, "ठीक आहे. तुझा शब्द शेवटचा." मनोहरदादाने खड्डा खणायला घेतला. उद्धवला भरून आलं. दोस्त असावा तर असा, असं त्याला मनापासून वाटलं. हात साबणाने धुवायला आणि सुरी उकळायला तो घराकडे गेला.

इथेच तो चुकला. आबा शेवटचं ढेकूळ पडेपर्यंत खड्ड्याच्या काठावर उभे राहायचे. कुणी काही म्हणालं तरी हलायचे नाहीत. पण जिवाभावाच्या मित्रावर पहारा द्यायचा? उद्धवला ते सुचलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी जेवायला सुकं मटण होतं. "शेजारच्या फार्मवरचा मेंढा," निशिकांत म्हणाला, "दादाने सकाळी आणला." सुचित्राने वाढलं. दमयंतीनेच केलं होतं, खोबरं भाजून, मालवणी मसाला सिंगापुराहून नेला होता तो घालून. कस्तुरी हात मांडीवर ठेवून बापाकडे बघत होती. उद्धवने घास घेतला. मांसाचा धागा जरा जाड लागला, रंगही गडद वाटला. तिकडे जून म्हणजे थंडी; थंडीतला मेंढा, असेल तसा. मित्राने सांगितलं होतं, बायकोने रांधलं होतं. आणखी काय तपासायचं माणसाने?

"खा," तो म्हणाला. कस्तुरी जेवली. दुसऱ्यांदा मागून जेवली.

ऑक्टोबरात निशिकांतच्या काँडोवर दिवाळीचा फराळ होता. पुण्यामुंबईची मंडळी जमली होती, गप्पा रंगात आल्या होत्या. निशिकांतला शिकारीची गोष्ट सांगायचा आग्रह झाला, आणि त्याने ती सांगितली. माळ, हरणी, बार, फोटो. मग डोळा मारून म्हणाला, "आणि आमचे इन्स्पेक्टरसाहेब! म्हणे पुरा. आम्ही काय केलं, पुढचा भाग पुरला आणि मागची तंगडी ठेवली. दुसऱ्या दिवशी मेंढा म्हणून वाढली. साहेबांनी नापास केलेलं हरीण साहेबांनीच पास केलं! कुणाला शिंकसुद्धा आली नाही!"

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी उद्धवच्या पाठीवर थाप मारली. "अति शहाणा त्याचा बैल रिकामा," असंही कुणी म्हणालं. उद्धवच्या हातात चिवड्याची बशी होती. ती त्याने खाली ठेवली नाही, कुठे ठेवायची हेच त्याला कळेना.

चकली हातात घेऊन कस्तुरी सोफ्याशी उभी होती. हसत नव्हती ती एकटीच.

"बाबा, that one is the sick deer, ah?" ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "But you said खा, what."

कुणी आजारी पडलं नाही, हे खरं. चांगलं शिजवलं की रोगाचे जंतू मरतात, हेही उद्धवला ठाऊक होतं. हुज्जत घालायची असती तर दोन्ही बाजूंनी घालता आली असती. पण त्याचा जळफळाट हरणासाठी नव्हताच. निशिकांतने नुसतं त्याला एकट्याला फसवलं असतं, तर उद्धव एव्हाना हसलाही असता. या माणसाने त्याच्याच तोंडून, त्याच्याच पोरीला, तो घास भरवला होता. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि वर तो गळा चारचौघांत हसण्यासाठी पुढे केलेला.

टॅक्सीत कस्तुरी झोपली. दमयंती खिडकीबाहेर बघत होती. "तुला माहीत होतं?" उद्धवने विचारलं. खरं तर नुसतं विचारायचं म्हणून विचारलं. ती "छे, काहीतरीच" म्हणेल आणि निदान हे घर तरी आपलं राहील, असा त्याचा हिशेब.

दमयंती म्हणाली, "सुचित्राने स्वयंपाकघरात सांगितलं. परक्या घरात तमाशा कशाला, म्हणून बोलले नाही. निशिकांतभावजींचा चेहरा किती उतरला होता आदल्या दिवशी. आणि मी काय आंधळेपणाने नाही रांधलं. कुकरच्या चार शिट्ट्या जास्तच काढल्या होत्या. मीही जेवलेच की तुमच्याबरोबर!"

"शिट्ट्या जास्त का काढल्यास?"

दमयंतीने झोपलेल्या कस्तुरीचं डोकं मांडीवर सरळ करून घेतलं. भीती तिलाही वाटली होती तर. भीती वाटली आणि तरीही तिने ताकास तूर लागू दिली नाही, चार महिने. निशिकांतवर तो ओरडला असता, भांडला असता, संबंध तोडले असते. ही तर घरातली. हिच्यावर ओरडून जायचं कुठे? घर येईपर्यंत तो ड्रायव्हरच्या मानेकडे बघत बसला.

पुढच्या रविवारी दमयंतीने मुद्दाम मटण केलं. बाजारातून स्वतः आणलं, स्वतः निवडलं, मन लावून केलं. वास थेट लिफ्टपर्यंत गेला होता. तिघं जेवायला बसली. कस्तुरीने सवयीने हात मांडीवर ठेवले.

उद्धवने तुकडा उचलला. उलटा केला. बोटाने दाबला. नाकाशी नेला आणि तसाच धरून राहिला. बाहेरचं मांस तो नेहमीच तपासायचा, पण घरच्या ताटातलं शिजवलेलं त्याने आजवर कधी हुंगलं नव्हतं.

दमयंतीचा वाढता हात थांबला. "अहो," ती हळूच म्हणाली, "मी केलंय ते."

"म्हणून तर बघतोय," उद्धव म्हणाला.

कस्तुरीने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा आईकडे. मग मटणाची वाटी बाजूला सारून तिने वरणाचं भांडं पुढे ओढलं.