कानामागचा हात

नरसू गेल्याचा फोन आला तेव्हा मी तो उजव्या कानाला धरला होता. माझा उजवा कान बरीच वर्षं नुसता शोभेला आहे. तरुणपण यंत्रमागांच्या खडखडाटात गेलं, त्यात तोही गेला. पलीकडं कुणीतरी बोलतंय एवढंच कळलं. फोन डाव्या कानाला नेला, तेव्हा आमच्या मंडळाच्या अंबादासचा आवाज आला, ‘‘अन्ना, नरसूमामा गेले.’’ मी खाली बसलो. आणि खरं सांगतो, पहिला विचार मनात आला तो हा, की आता गर्दी होणार. झालीच. शहराच्या पूर्व भागातले निम्मे कारखाने दुपारपर्यंत बंद राहिले. विड्या वळणाऱ्या बायका सुपं तशीच टाकून आल्या. आपल्या वेळी यातलं कोण येईल, याचा अंदाज घेत मी तिरडीमागून चालत होतो. गेलेल्या माणसावर लिहिताना असलं काही लिहू नये म्हणतात... पण तीन महिने झाले, आता खोटं लिहून मी त्याच्यापेक्षा मोठा थोडाच होणार आहे.

नरसू नकलाकार होता. आम्ही दोघं एकाच दिवशी एकाच कारखान्यात मागावर लागलो. तो मागावर उभा राहून तोंडानं माग चालवायचा. धागा तुटल्यावर माग कसा अडखळतो, ते तो असं करायचा की मुकादम धावत यायचा. पहिल्यांदा गणपतीच्या मेळ्यात त्यानं त्या मुकादमाचीच नक्कल केली. दुसऱ्या दिवशी नोकरी जाणार म्हणून मी घाबरलो होतो, तर मुकादमानं त्याला चहा पाजला आणि ‘‘माझं चालणं जरा ताठ दाखव की’’ म्हणाला. तेव्हापासून आमच्याकडं असं झालं, की नरसूनं ज्याची नक्कल केली त्याचं नाव झालं. इस्त्रीवाले दस्तगीरभाई, सोड्याच्या गाडीवाली मल्लव्वा, इंजेक्शन देताना स्वतःच डोळे मिटणारे आमचे डॉक्टर... लग्नात, बारशात, नवरात्रात लोक नावानिशी फर्माईश करायचे. ज्यांची नक्कल व्हायची ते पुढच्या रांगेत नवे कपडे घालून बसायचे.

माझी नक्कल त्यानं कधी केली नाही. पन्नास वर्षांत एकदाही नाही. मी त्याचा सगळ्यात जुना मित्र, त्याच्या लग्नात मी धावपळ केली, त्याच्या पेटीतली टोपी-मिशी मी सांभाळली, आणि हा दस्तगीरभाईंच्या इस्त्रीवर टाळ्या घेणार. एकदा कुर्डुवाडीचा कार्यक्रम आटपून परत येताना मी धीर करून विचारलंच, ‘‘माझी का करत न्हाईस रे?’’ तो खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, ‘‘तुझ्यात करण्यासारखं काय हाय? तू सरळ माणूस.’’ कुणाला ही स्तुती वाटेल. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. त्यात भर म्हणून माझी बायको. मी घरात विनोद केला की ती ‘‘भाजीत मीठ कमी पडलंय का?’’ असं विचारायची. नरसू नुसता उंबऱ्यात उभा राहिला तरी पदर तोंडाला लावून हसायची. तिचाही मला राग यायचा, त्याचाही यायचा. तिच्यावर काढता येत होता, त्याच्यावर काढता येत नव्हता, कारण तो समोर आला की मलाच हसू फुटायचं.

पुढं त्यानं एक लकब काढली आणि तीच त्याची ओळख झाली. नक्कल संपली की तो थांबायचा, मान जरा तिरकी करायचा, उजव्या कानामागं उजवा तळवा लावायचा, डोळे बारीक करायचा आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं लोकांच्या हसण्याची वाट बघायचा. लोक हसून हसून लोळायचे, हा तसाच ऐकत उभा. ती लकब इतकी पसरली, की कुणी काही गमतीचं बोललं की आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा कानामागं हात न्यायचं. मला वाटायचं, हात तर सगळ्यांनाच असतो, याच्याच हाताला एवढं काय चिकटलंय.

तो गेल्यावर मंडळानं ठरवलं, की सुताच्या गोदामाच्या मोठ्या भिंतीवर नरसूमामांचं चित्र काढायचं. मधे मामा, भोवती त्यांनी ज्यांच्या नकला केल्या ती सगळी माणसं. नऊ जणांची यादी झाली. दस्तगीरभाई स्वतः सांगायला आले, ‘‘क्या बी करो, मेरी टोपी सीधी निकालो.’’ यादीत माझं नाव नव्हतं, असायचं काही कारणही नव्हतं. मला बोलावलं होतं ते वेगळ्या कामासाठी. कान गेल्यावर मालकांनी, कुणाला कारण न सांगता, मला मागावरून उठवून नक्षीच्या टेबलावर बसवलं होतं. चादरीवरचे मोर, वेली, फुलं बारीक चौकटींच्या कागदावर उतरवायची, आणि त्यावरून मागाला नक्षी सांगणारे भोकांचे पुठ्ठे पाडायचे, हे काम मी निवृत्तीपर्यंत केलं. अंबादास म्हणाला, ‘‘अन्ना, मामांचा कानामागं हात लावलेला फोटो चौकटीत उतरवून द्या. घरटी चार-चार चौकटी वाटू. ज्यानं त्यानं आपल्या रंगवायच्या.’’

असा मी, ज्याचा आयुष्यभर हेवा केला त्याचा चेहरा आठ दिवस चौकटी-चौकटीनं उतरवत बसलो. एकेका भुवईला अर्धा दिवस. बायको चहा ठेवून जाताना कागदाकडं बघून हसायची. भोवतालची नऊ माणसं कला महाविद्यालयाच्या मुलींनी काढली, मधल्या चौकटी लोकांनी भरल्या. कुणाच्या वाट्याला नुसता सदरा आला, कुणाला अर्धं नाक. जोंधळ्याचं पीठ मळून आलेल्या बायका परांचीवर चढून मामांची मिशी रंगवत होत्या. पुढं ताडपत्री होती, अख्खं चित्र कुणालाच दिसत नव्हतं.

ताडपत्री उतरली त्या दिवशी आधी टाळ्या झाल्या, मग टाळ्या थांबल्या. मल्लव्वाची मुलगी म्हणाली, ‘‘हात चुकलाय की.’’ भिंतीवरच्या नरसूनं डाव्या कानामागं डावा हात लावला होता. सगळं चित्रच उलटं झालं होतं, भांगसुद्धा. माझ्या लगेच ध्यानात आलं. आमच्या मागावर चादरीची सुलटी बाजू खाली विणली जाते, म्हणून कागदावर सगळं उलटं काढायचं... हाताला वळणच ते. मी फोटो समोर ठेवून, नकळत, विणायचं असल्यासारखा उलटा काढला होता. मी हे सांगू लागलो. पण अंबादास माझ्याकडं बघत होता, आणखी दोघंतिघं बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत मला दिसलं, की यांना वाटतंय मी हे मुद्दाम केलं. एवढी वर्षं मला वाटत होतं, माझा हेवा फक्त मला ठाऊक आहे. आणि त्या क्षणी मलाही खात्रीनं सांगता येईना, की मी मुद्दाम केलं नाही म्हणून.

‘‘मधलं पुसून परत काढू,’’ अंबादास म्हणाला. तेव्हा नरसूची बायको पुढं आली. वहिनी वैराग गावच्या, कधी कुणासमोर मोठ्यानं न बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, ‘‘ऱ्हाऊ दे. मला असाच पायजे.’’ मग अंबादासनं पुसायचा बेत सोडला.

दोन दिवसांनी त्यांनी मला घरी बोलावलं. मी माफी मागायच्या तयारीनंच गेलो होतो. वहिनींनी पाणी दिलं आणि हळू काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं नाही. ‘‘काय म्हणालात?’’ मी म्हणालो. त्या माझ्याकडं बघून रडायला लागल्या, आणि रडता रडता हसायला लागल्या. ‘‘बघा की, कुटं हाय तुमचा हात,’’ त्या म्हणाल्या. माझा डावा तळवा डाव्या कानामागं होता. मान तिरकी होती. डोळे बारीक झाले असणार, पण ते आपले आपल्याला कुठं दिसतात.

‘‘तुमचंच हाय ते,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘हे हितं आरशापुढं उभं ऱ्हाऊन रोज करायचे. तुमचं नाव घेऊन म्हणायचे, व्यंकटेशसारखं ऐकणारं माणूस मी बघितलं न्हाय, एका कानानं ऐकतो पण सगळं ऐकतो. मी म्हणलं, मग नाव सांगून करा की. तर म्हणाले, न्हाय. माणसाच्या उण्यावर मी हसवत न्हाय. मग त्यांनी हात बदलला, डाव्याचा उजवा केला. कुणाला वळखू येऊ नये म्हणून.’’

वाचकांना वाटेल, मला भरून आलं. आलं, पण नंतर. आधी संतापच आला. इतकी वर्षं माझ्या बहिऱ्या कानावर टाळ्या घेतल्या त्यानं, आणि मी खाली बसून त्याच टाळ्यांवर जळत होतो. मला सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पुढच्या रांगेत नवा सदरा घालून मीही बसलो असतो. कान गेल्याचं लोकांना कळलं असतं तर कळलं असतं. पण माझं गुपित माझ्यापेक्षा त्यानं जास्त जपलं. यातही तो माझ्या पुढंच निघाला, याचा मला अजून राग येतो. वहिनींना विचारूनच हे लिहितो आहे.

परवा सकाळी एकटाच भिंत बघायला गेलो. रस्त्याच्या अलीकडं उभा होतो. शेजारी एक बाई कोथिंबिरीची पाटी घेऊन बसली होती, करकंबकडची असावी. तिनं मला काहीतरी विचारलं. रिक्षांच्या आवाजात कळलं नाही, म्हणून मी तिच्याकडं मान वळवली आणि हात कानामागं गेला. ती एकदा भिंतीकडं बघून, एकदा माझ्याकडं बघून हसली.

‘‘मामांची नक्कल करताय व्हय?’’ आता तिनं मोठ्यानं विचारलं. ‘‘बरी जमलीय की. पण त्यांची सर न्हाय.’’

‘‘व्हय,’’ मी म्हणालो. ‘‘तो लई भारी करायचा.’’